पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली

लक्ष्मणराव किर्लोस्कर : शेतकऱ्याच्या बांधावर घडलेला कारागीर

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा आपला पट्टा हातांच्या माणसांचा आहे. अंबरनाथला वालधुनीच्या काठी शिवमंदिर उभे आहे. त्यावर शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे. त्यात शिलाहार राजा मम्वाणीचे नाव आहे. पण ज्या पाथरवटांनी तो काळा दगड लोण्यासारखा कापला, त्यांची नावे कुणाला ठाऊक नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसे कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत उतरली. ८ ऑगस्ट १९४९ ला त्या वस्तीचे नाव उल्हासनगर झाले आणि त्या लोकांनी एकेका खोलीत मशिन टाकून शहर उभे केले. स्वातंत्र्यानंतर अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आली, पुढे एमआयडीसी आली. आसपासच्या गावांतली पोरे नांगराचे रुमणे सोडून लेथच्या चाकाला लागली. टर्नर, फिटर, वेल्डर ही नावे आपल्याकडे आडनावासारखी चिकटली.

अशा कारागिरांची आठवण सहसा कुणी लिहीत नाही. राजा लिहिला जातो, पुढारी लिहिला जातो. हात काळे करणारा माणूस गेला की दहाव्याला चार माणसे बोलतात आणि विषय संपतो. ज्याची नीट नोंद राहिली, असा महाराष्ट्रातला एक कारागीर म्हणजे लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. लोक त्यांना उद्योगपती म्हणतात. पण त्यांचे ८७ वर्षांचे आयुष्य पाहिले, तर हा माणूस आधी यांत्रिक होता, मग घरचा कर्ता होता आणि कारखानदार त्यानंतर. शिवाय त्यांचे सगळे बरेवाईट शेतकऱ्याच्या बांधावर ठरले. म्हणून हा लेख ग्रामीण पानावर.

रंग दिसेनात, रेषा दिसत होत्या

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. हे गाव आज कर्नाटकात आहे. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे जाणकार. पोराने शिकून चांगली नोकरी करावी, ही त्या काळच्या कुठल्याही बापाची अपेक्षा असणार. पण लक्ष्मणचे मन पुस्तकात रमेना. त्याला दोनच नाद, चित्र काढणे आणि यंत्र उघडून बघणे. शाळेतून मन उडालेले पोर घरात असले की काय होते, ते आपण घरोघर बघतो. इथे थोरले भाऊ रामुअण्णा पाठीशी उभे राहिले. त्यांच्या मदतीवर १८८५ मध्ये लक्ष्मण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला.

दोन वर्षे झाली आणि ध्यानात आले की पोराला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. डोळ्यांचा जन्मजात दोष. चित्रकाराला रंग दिसू नयेत, म्हणजे गवयाला सूर ऐकू न येण्यासारखेच. दुसरा कुणी घरी परतला असता. लक्ष्मणने रंग सोडले आणि रेषा धरल्या. यंत्रांची रेखाचित्रे काढायला रंग लागत नाहीत. हे काम तो शिकला आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे ज्याला आपण व्हीजेटीआय म्हणतो तिथे, शिक्षक म्हणून लागला.

शिकवण्याचा तास संपला की हा शिक्षक वर्कशॉपमध्ये जाऊन स्वतः मशिन चालवायचा. परदेशी मासिके मिळवून वाचायचा. कागदावर काढलेली रेघ लोखंडात कशी उतरते, हे त्याने तिथे हाताने शिकून घेतले. पुढे बढतीची वेळ आली, तेव्हा यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला वर घेतले. लक्ष्मणरावांनी १८९७ मध्ये राजीनामा दिला आणि ते बेळगावला भावाकडे आले.

सायकल आणि कुट्टी

बेळगावात रामुअण्णांचे सायकलचे दुकान होते. त्याची सुरुवात १८८८ ची धरली जाते. मुंबईत लक्ष्मणरावांनी कुणाला तरी सायकलवर जाताना बघितले. वस्तू नवलाची वाटली. मग ते मुंबईहून सायकली पाठवू लागले आणि रामुअण्णा बेळगावात विकू लागले. नुसती सायकल विकून भागत नव्हते, कारण ती चालवता कुणाला येत होती? म्हणून गिऱ्हाइकाला सायकल शिकवायची शिकवणीही रामुअण्णाच घेत. वस्तू विकायची तर ती वापरायला शिकवलेही पाहिजे, हा धडा या भावांना इथे मिळाला आणि तो त्यांनी जन्मभर सोडला नाही.

पुढे सायकलीच्या धंद्यात गर्दी झाली. लक्ष्मणरावांचे लक्ष शेताकडे वळले. पहिली वस्तू निघाली ती कडबा कापायचे यंत्र, म्हणजे आपली कुट्टीची मशिन. बदलापूर, मुरबाडकडे म्हैस पाळणाऱ्या माणसाला कुट्टीचे महत्त्व सांगायला नको. अख्खी पेंढी टाकली की जनावर निम्मी खाते आणि निम्मी पायाखाली तुडवते. बारीक करून घातली की दावणीत काडी राहत नाही. चाऱ्याच्या टंचाईत हाच फरक गोठा वाचवतो. यंत्र साधे होते, फिरते चाक आणि त्याला पाती. पण गावठी शेतकऱ्याच्या रोजच्या अडचणीवर ते नेमके बसले.

‘लोखंडाने जमीन नासते’

१९०३ साली लोखंडी नांगर तयार झाला. त्याच वर्षी २८ मे ला लक्ष्मणरावांना सोलापूरला मुलगा झाला, शंतनू. घरात पाळणा हलला, पण नांगर जागचा हलेना. लोखंडाने जमीन विषारी होते, पीक येत नाही, असा शेतकऱ्यांत समज होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली.

आज हे ऐकून हसू येते. पण शेतकऱ्याला वेड्यात काढण्याआधी जरा त्याच्या जागी उभे राहून बघा. लाकडी नांगर गावचा सुतार करून देत असे. त्याची मजुरी बलुत्यात, खळ्यावरच्या धान्यात फिटायची. हाळीस मोडली, रुमणे तुटले, तर बाभळीचे लाकूड बांधावर असायचे. फाळ बोथट झाला की लोहाराच्या भात्यावर संध्याकाळी शेवटून मिळायचा. हा नवा लोखंडी नांगर रोख पैशात घ्यायचा, ओढायला बैल जास्त लावायचे आणि भर पेरणीच्या तोंडावर तो मोडला तर कुणाकडे न्यायचा, ते ठाऊक नाही. ज्याचे सगळे वर्ष एका पावसावर टांगलेले, तो असला जुगार का खेळेल? जमीन विषारी होईल ही भीती खोटी होती. तिच्या मागची काळजी मात्र खरी होती.

नांगराची बाजूही भक्कम होती. लाकडी नांगर माती फोडतो, पण उलटत नाही. दोन तासांच्या मध्ये न फुटलेली माती राहते. देशावरच्या काळ्या, खोल जमिनीत हरळी आणि कुंदा यांनी मूळ धरले की लाकडी नांगराचे त्यांच्यापुढे काही चालत नाही. लोखंडी नांगराला वळणदार पाते असते. ते ढेकूळ उचलून पालथे घालते. तणाच्या मुळ्या वर येतात आणि उन्हाळ्यात वाळून मरतात. एकदा खोल नांगरट झाली की पावसाचे पाणीही जास्त मुरते.

आपल्याकडची गोष्ट थोडी वेगळी, तीही इथे सांगितली पाहिजे. भाताच्या खाचरात खालचा कडक थर शाबूत राहावा लागतो. तो फुटला तर पाणी साचत नाही, चिखलणी साधत नाही. म्हणून आपल्या बाजूला हलका नांगर बरीच वर्षे टिकला आणि आता त्याची जागा पॉवर टिलरने घेतली. सांगायचा मुद्दा असा की, अवजार चांगले की वाईट हे कारखान्यात ठरत नाही. ज्या मातीत चालायचे ती माती ते ठरवते. लक्ष्मणरावांना हे कळले, कारण ती दोन वर्षे त्यांनी शेतकऱ्याला शिव्या देण्यात घालवली नाहीत. नांगर शेतात नेऊन चालवून दाखवला पाहिजे, मोडला तर सुटा भाग मिळाला पाहिजे, हे ओळखून त्यांनी धंदा बांधला.

सुट्या भागाचे महत्त्व कारागिराला चटकन कळेल. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कडक असते पण ठिसूळ. मऊ मातीत ते मजेत चालते. जमिनीतल्या धोंड्यावर आपटले की टवका उडतो. म्हणून झिजणारा भाग वेगळा, बोल्टवर बसणारा करावा लागतो. शेतकऱ्याने तेवढाच विकत घ्यायचा, पाना फिरवायचा आणि कामाला लागायचे. अख्खा नांगर टाकून द्यायची पाळी येऊ नये. दुकानात वस्तू देखणी दिसली की गिऱ्हाईक एकदा येते. दुरुस्ती सोपी असली तर ते जन्मभर येते.

उठा म्हणाले, उठले

नांगर खपू लागला. बेळगावच्या ठळकवाडीला कारखान्याने जरा मूळ धरले आणि तेवढ्यात नगरपालिकेचा हुकूम आला. तिथे नवी वसाहत करायची होती, जागा खाली करा. साल १९१०.

आपल्या पट्ट्यात हे दुखणे सगळ्यांच्या ओळखीचे आहे. बारवी धरणाची उंची वाढली, तेव्हा मुरबाड तालुक्यातली घरे-शेते पाण्याखाली गेली. बदलापूरच्या बाजूला महामार्गासाठी जमिनी गेल्या. उल्हासनगर तर सगळेच उठून आलेल्या माणसांचे. जागा जाते तेव्हा मोबदल्याचा आकडा कागदावर येतो. पण धंद्याची घडी, गिऱ्हाईक, शेजारी, रोजची वाट यांचा हिशेब कुठल्याच कागदावर मांडत नाहीत.

लक्ष्मणरावांच्या हातात त्या वेळी औंध संस्थानात सभामंडप बांधायचे काम होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, कलेचे आणि कारागिरीचे चाहते. त्यांना अडचण कळली. संस्थानातली हवी ती जागा निवडा, असे त्यांनी सांगितले आणि वर दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. लक्ष्मणरावांनी रेल्वेच्या कुंडल रोड स्टेशनाजवळचा ३२ एकरांचा माळ पसंत केला. जमीन पडीक, निवडुंग माजलेले, सापांचा सुळसुळाट. पण शेजारून रेल्वे जात होती. ओतकामाच्या कारखान्याला कच्चे लोखंड आणि कोळसा आत आणायचा असतो, जड माल बाहेर पाठवायचा असतो. कारागिराने आधी रूळ बघितले आणि मग माती.

१० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. पंचवीसेक कामगार आपापली बायकापोरे घेऊन त्या माळावर आले. हे विशेष ध्यानात घ्या. हुकूम कारखान्याच्या जागेला होता, कामगारांना नव्हता. ते बेळगावातच राहून दुसरे काम बघू शकले असते. तरी ते निवडुंगाच्या माळावर आले, कारण आपल्याला वाऱ्यावर सोडणार नाही असा माणूस पुढे होता. आज हे गाव सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे आणि स्टेशनचे नावही किर्लोस्करवाडी आहे.

माळावरची माणसे

वाडीत लक्ष्मणरावांनी शिवाशिव चालू दिली नाही. तो काळ आजचा नव्हता. गावात पाणवठे वेगळे, पंगती वेगळ्या. भट्टीसमोर मात्र रस ओतणारा कोण जातीचा, हे विचारून चालत नाही. हात थरथरला तर सगळ्यांचे पाय भाजतात. यंत्राच्या कामाने माणसाला एका रांगेत उभे केले, आणि लक्ष्मणरावांनी ती रांग कारखान्याच्या दारापर्यंतच न ठेवता वस्तीतही आणली.

दुसरी गोष्ट जास्त धाडसाची. तुरुंगाची शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीचे पहारेकरी नेमले. ज्याच्यापासून गाव कुलूप लावून घेते, त्याच्याच हातात किल्ल्या दिल्या. अशा माणसाला काम दिले नाही तर तो पुन्हा त्याच वाटेला जाणार, हा साधा हिशेब. विश्वास टाकला की माणूस त्याला जागतो, असे लक्ष्मणराव मानत. पोलीसपाटील आणि सरपंच मंडळींनी यावर विचार करायला हरकत नाही.

पहिले महायुद्ध आले आणि कच्च्या लोखंडाचा दुष्काळ पडला. परदेशी नांगर यायचे बंद झाल्याने मागणी वाढलेली, पण भट्टीत घालायला लोखंड नाही. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी तेव्हा पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा नांगरांसाठी वितळवायला दिल्या, असे सांगितले जाते. मोडीचे लोखंड जमवायचे, मिळेल ते जळण वापरायचे, पण भट्टी विझू द्यायची नाही, अशी ती वर्षे गेली.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. नांगर आणि कुट्टी यांच्या जोडीला उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायचे यंत्र, हातपंप असा माल निघू लागला आणि १९२६ च्या सुमारास पाण्याचे पंप. विहिरीवरची मोट जाऊन इंजिन आणि पंप आले, तेव्हा बागायतीचा सगळा हिशेबच बदलला. मोटेला बैलजोडी आणि माणूस दिवसभर अडकून पडायचा. पंपाने तीच जोडी आणि तोच माणूस दुसऱ्या कामाला मोकळा झाला.

घरचा कर्ता माणूस

लक्ष्मणरावांच्या आयुष्यात घर आणि कारखाना यांच्यात भिंत नव्हती. रामुअण्णा होते म्हणून लक्ष्मण मुंबईला गेला. रामुअण्णांचे दुकान होते म्हणून राजीनामा देऊन यायला जागा होती. पाटीवर नाव ‘किर्लोस्कर ब्रदर्स’, ते उगीच नाही. भाऊभाऊ एकत्र राहिले तर काय होते आणि बांधावरून कोर्टात गेले तर काय होते, हे तलाठी कार्यालयात बसणाऱ्यांना अधिक सांगायला नको.

पत्नी राधाबाई. बेळगावातला मांडलेला संसार आवरून त्या निवडुंगाच्या माळावर आल्या. कडेवर पोर, भिंतीत साप, पाण्याची ओढ, अशा ठिकाणी नव्याने चूल मांडायला किती धीर लागत असेल, तो अंदाज घरच्या बायामाणसांनीच करावा. कारखान्याच्या इतिहासात यंत्रांची यादी येते, चुलींची येत नाही. पण ती पंचवीस घरे तिथे टिकली, यात त्या माळावर स्वयंपाक करणाऱ्या सगळ्या बायकांचा वाटा आहे.

भाऊ वासुदेवराव सोलापूरला डॉक्टर होते. त्यांचा मुलगा शंकरराव चित्रकार. काकाला रंगांनी दगा दिला, पण पुतण्याला दिला नाही. काकांनी त्याला कारखान्यात बोलावून घेतले आणि जाहिरातीचे, छापखान्याचे काम दिले. त्यातूनच १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघाले. पुढे तेच ‘किर्लोस्कर’ झाले आणि मग ‘स्त्री’, ‘मनोहर’ ही भावंडे आली. नांगराच्या कारखान्यातून मराठी घराघरात वाचन पोचले. ज्याला जे येते ते काम त्याच्याकडे द्यायचे, ही कर्त्या माणसाची नजर.

मुलगा शंतनू आणि पुतण्या माधव यांना १९२२ मध्ये यंत्रविद्या शिकायला अमेरिकेतल्या एमआयटीला धाडले. स्वतः जे मासिकांतून आणि मशिनवर हात मारून शिकावे लागले, ते पोरांनी रीतसर शिकावे, ही इच्छा. माधव शिक्षणाच्या काळातच क्षयाने दगावला. शंतनूराव १९२६ मध्ये पदवी घेऊन परतले आणि बापाच्या कारखान्यात कामाला लागले. बापाने उभी केलेली घडी मुलाच्या हातात देताना पुष्कळ घरे मोडतात. एक तर बाप सोडत नाही, नाहीतर पोरगा धरत नाही. इथे पुढच्या पिढीने हरिहरला लेथचा, बंगळूरला मोटारीचा आणि पुण्याला डिझेल इंजिनचा कारखाना काढला. म्हाताऱ्याने आपल्या हयातीत हे सगळे डोळ्यांनी पाहिले.

आगीनंतर

उतारवयात वाटले असेल, आता झाले. पण १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर जी जाळपोळ झाली, तिची झळ किर्लोस्करवाडीलाही लागली. जमावाने कारखान्याला आग लावली. ३८ वर्षांपूर्वी निवडुंग तोडून उभे केलेले जळताना बघायची पाळी ८० च्या घरातल्या माणसावर आली.

तरी वाडी उठून गेली नाही. कारखाना पुन्हा उभा राहिला आणि आजही तिथे पंप तयार होतात. इमारत जळली, यंत्रे जळली, पण ओतकाम करणारे, साचे करणारे, लेथ चालवणारे शेकडो हात जागेवर होते. ठळकवाडीहून उठताना जे उपयोगी पडले, तेच आगीनंतरही उपयोगी पडले. कसब एकट्या मालकाच्या मुठीत असते, तर पहिल्याच हुकमाला सगळे संपले असते. ते पंचवीस घरांत आणि नंतर शेकडो घरांत वाटलेले होते, म्हणून दोनदा उखडूनही पुन्हा रुजले.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्माला १०० वर्षे झाली, तेव्हा टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

आपल्या गावात काय उरले?

आता आपल्या दाराशी बघू. अंबरनाथ तालुक्यातल्या आणि बदलापूरच्या आसपासच्या गावांत आज भाता चालवणारा लोहार किती ठिकाणी आहे? कोयता, विळा, कुऱ्हाड शेवटून द्यायला कोण आहे? नांगर, जू करणारा सुतार शहरात फर्निचरच्या कामाला गेला. जमिनीची टॉवरसाठी विक्री झाली आणि बैल बाजाराला गेले. पॉवर टिलर आला, पण ऐन चिखलणीत तो बंद पडला तर दुरुस्त करणारा पोरगा गावात नाही. मग टेम्पो सांगा, शहरात न्या, दोन दिवस थांबा. तोवर राब पिवळा पडतो. १९०३ मध्ये शेतकऱ्याला जी काळजी होती, की मोडले तर कुणाकडे न्यायचे, ती आजही तशीच उभी आहे. फक्त मशिन बदलले.

दुसऱ्या बाजूला, कंपन्यांतून निवृत्त झालेले किती टर्नर, फिटर, वेल्डर आपल्याच गावांत कट्ट्यावर बसून आहेत! चाळीस वर्षे मायक्रोमीटर धरलेला हात आज पत्ते पिसतो. घरातले म्हणतात, बाबा, आता आराम करा. बाबाही करतात. आणि एक दिवस बाबांबरोबर सगळे कसब चितेवर जाते. शेजारचा दहावी झालेला पोरगा मात्र कंपनीच्या गेटवर कंत्राटी हेल्परसाठी रांगेत उभा असतो.

ही दोन टोके जोडणे अवघड नाही. त्याला कोटीची योजना लागत नाही.

ग्रामपंचायतीने एवढे तरी करावे. गावातल्या कारागिरांची आणि निवृत्त कामगारांची एक यादी करावी. कोणाला काय येते ते त्यात लिहावे. ग्रामसभेत ती वाचून दाखवावी. पंचायतीची एखादी खोली पडून असेल तर आठवड्यातून दोन संध्याकाळी तिथे पॉवर टिलर, पंप, कुट्टी यांची दुरुस्ती शिकवायची सोय करावी. पावसाळ्याआधी, म्हणजे मे महिन्यात, गावातली सगळी मशिने एकदा तपासून घ्यावीत. शिकायला येणाऱ्या पोरांना पुढे आयटीआयची वाट दाखवावी.

सरकारी योजनेचाही उपयोग करून घ्यावा. पंतप्रधान विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्यात सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, चर्मकार, शिंपी, टोपल्या विणणारे असे १८ व्यवसाय धरले आहेत. वय १८ पूर्ण पाहिजे आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. सरकारी नोकर व त्याच्या कुटुंबाला तो नाही. नोंदणी झालेल्या कारागिराला प्रशिक्षण, प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाख रुपये कर्ज, कारागिराला ५ टक्के व्याजाने, अशी तरतूद आहे. अर्ज सामायिक सेवा केंद्रातून करायचा असतो. नोंदणी सध्या घेत आहेत का, ते आधी तिथेच विचारून घ्यावे. यातली पहिली पडताळणी खेड्यात ग्रामपंचायतीकडे असते, म्हणजे सरपंचांनी अर्ज पुढे सरकवला नाही तर कारागीर तिथेच अडकतो. आपल्या गावचा एखादा अर्ज तसा पडून आहे का, ते सरपंच आणि ग्रामसेवक यांनी या आठवड्यात जरूर बघावे.

लक्ष्मणरावांना दहा हजार रुपये आणि माळ देणारा राजा भेटला. आज राजे नाहीत, त्यांच्या जागी पंचायत आहे. पडीक गायरानाच्या कोपऱ्यावर एका लोहाराला पत्र्याची शेड द्यायला संस्थान लागत नाही. मासिक सभेचा एक ठराव आणि वरच्या कचेरीची रीतसर मंजुरी पुरते.

आणि ज्यांच्या घरात असा जुना कारागीर अजून आहे, त्यांनी त्याला नुसता आराम देऊ नये. एक शिकाऊ पोरगा द्यावा. म्हातारा चार शिव्या देईल, पाना डोक्यावर मारील, पण शिकवील. बाकी आपल्या पोरांनी ठरवायचे आहे.